एका पावाची मिनिटं

पाच वाजेपर्यंत उत्तर पाठवायचं होतं आणि सव्वादोन तर वाजूनसुद्धा गेले होते.

पत्र गुरुवारी आलं होतं. समुद्रापलीकडच्या एका देशातला जहाजं बांधायचा कारखाना, तीन वर्षांचं काम, वेल्डर पाहिजेत. शेवटच्या पानावर दोन चौकटी होत्या. एकीपुढे छापलं होतं 'एकटे', दुसरीपुढे 'कुटुंबासह'. एकीत खूण करायची, पान परत पाठवायचं. मुदत शनिवार, संध्याकाळी पाच. उशीर झाला की जागा दुसऱ्याची.

वेल्डरचं पेन पहिल्या चौकटीवर टेकलंसुद्धा होतं. एकट्याला कारखाना झोपायला खाट देणार होता, एका खोलीत चौघांची. म्हणजे पगार जवळजवळ सगळाच शिल्लक. पण लेकराच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तसं बायकोने ते पेन त्याच्या बोटांतून काढून घेतलं.

"अहो, थांबा. आधी हिशेब होऊ दे. आकडा बसला तर आपण तिघं जायचं. नाही बसला तर तुम्ही एकटे जा, मी डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. पण हिशेब केल्याशिवाय मी माझा नवरा तीन वर्षं कुणाला द्यायची नाही."

"अगं, तीन वर्षं म्हणजे काय? अशी जातील." त्याने चुटकी वाजवली.

"तुमची जातील. पोरगी आज नऊची आहे, तुम्ही याल तेव्हा बाराची असेल. मधली दहा आणि अकरा कोण बघणार? फोन?"

ज्या माणसाला लोखंडाला लोखंड जोडता येतं त्याला या प्रश्नाचे दोन काठ काही जोडता आले नाहीत.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन आणि मशीनच्या उजव्या हाताला शर्टांच्या कॉलरींचे गठ्ठे, पंचवीस-पंचवीसचे. कारखान्याचे शर्ट चार बायकांच्या हातून पूर्ण व्हायचे: एक बाह्या लावायची, एक काजं करायची, एक बटणं, आणि हिच्याकडे फक्त कॉलरी. सात वर्षं ती कॉलरीच शिवत होती. एका कॉलरीला साडेचार मिनिटं, दिवसाला शंभर. पैसे कॉलरीवर मिळायचे, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ती कॉलरींनीच मोजायची. लिटरभर दूध बारा कॉलरी. डझनभर अंडी वीस. पाव सहा. मशीनच्या तालावर ती स्वतःशीच गुणगुणायची:

पहिली गं कॉलर, दुधाच्या पिशवीला,
दुसरी गं कॉलर, लेकीच्या पेन्सिलीला,
तिसरी गं कॉलर, विजेच्या बिलाला,
चौथीचं टोक कसं, टोचतं खिशाला!

आज मात्र मशीन झाकलेलं होतं. त्यावर फोन उभा करून ठेवला होता आणि त्याच्यासमोर तिघं बसली होती: वेल्डर, त्याची बायको आणि वेल्डरचे वडील. हे वडील छत्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा आख्ख्या इमारतीत नव्हता. धाकटा गेला तर ते दोन गल्ल्या पलीकडे, थोरल्या मुलाकडे राहणार होते. ते त्यांनी पत्र आल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. "त्याचा टीव्ही मोठा आहे," एवढंच कारण दिलं होतं.

फोनमध्ये वेल्डरची बहीण उगवली. चाळिशीची झाली तरी घरात ती छोटीच. सहा वर्षांपासून त्याच देशात एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला. तिकडे सकाळ होती, दुकानं नुकतीच उघडलेली, आणि छोटीची आज सुट्टी.

"वहिनी! मी दुकानात उभी आहे. हुकूम करा!"

"पाव!"

"पाव… पाव… हा बघा, बरा दिसतोय. जवळजवळ दोन."

"दोन काय?"

"अगं, इथले दोन! आपले नव्वद म्हणजे इथला एक, लक्षात नाही का?"

वेल्डरच्या बायकोने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि डोळे उघडले ते ताटलीएवढे करून. "छत्तीस कॉलरी! एका पावाला!"

"दूध सांगू? एकच्या वर थोडं."

"वीस कॉलरी."

"डझनभर अंडी तीन."

"चोपन्न! अगं छोटी, कोंबड्या तिथल्या शाळा शिकून अंडी देतात की काय? माझा अर्धा दिवस अंड्यांत गेला!"

"तू कशाला घाबरतेस?" वेल्डर उसळून म्हणाला. त्याच्या हातात त्याचा स्वतःचा कागद होता. "पगार बघ ना! हातात पडणारा पगार, कापून-कुपून, त्याला नव्वदने गुणलं की आत्ताच्या आठपट! आठपट, छोटी! महिन्याला एवढ्यात आम्ही इथे दोन्ही खोल्यांना रंग देऊ, लेकीला सायकल घेऊ, रोज एक पाव कावळ्यांना घालू!"

"आणि तिथे पाव छत्तीस कॉलरींना खाऊ!"

"आठपट पगार आहे!"

"छत्तीस कॉलरी आहेत!"

"घंटी! घंटी!" वडील दोन्ही हात वर करून ओरडले. बसमध्ये भांडणं लागली की ते असंच ओरडायचे. "गाडी थांबवा. दोघंही खाली उतरा. दोघंही चुकीच्या बसमध्ये बसलाय."

"म्हणजे?"

"तू," त्यांनी मुलाकडे बोट केलं, "पगार तिथला घेतोस आणि पाव इथला खातोस. अशी बस आजवर सुटलेली नाही. आणि सूनबाई, तू पाव तिथला घेतेस आणि कॉलरी इथल्या मोजतेस. तीही बस नाही. जिथे पगार, तिथेच पाव. नव्वद विसरा. नव्वदचं कामच काय?"

फोनमधून छोटी म्हणाली, "बाबा, बरोब्बर! मी आल्या आल्या वर्षभर नव्वदने गुणत होते. वर्षभर एक सफरचंद खाल्लं नाही मी. नंतर कळलं, अख्खं दुकान माझ्याशी भांडत नव्हतं, मीच त्याच्याशी भांडत होते."

"मग मोजायचं कशाने?" सून म्हणाली. हातातली मोजपट्टी कुणीतरी काढून घ्यावी तशी ती गांगरली होती.

"तुझी कॉलर किती मिनिटांची?"

"साडेचार."

"झालं तर! कॉलर सोड, मिनिटं धर. मिनिट सगळीकडे साठ सेकंदांचं. तो वेल्डिंग इथे करो नाहीतर चंद्रावर. छोटी, पाव?"

"दोन."

सासऱ्यांनी नजर छताला लावली. त्यांचा हिशेब नेहमी छतावरच लिहिलेला असायचा. "त्याच्या तिथल्या तासाच्या पगाराने… साडेसात मिनिटं. आणि इथे? इथे त्याला एका पावासाठी बारा मिनिटं काम करावं लागतं."

वेल्डरच्या बायकोच्या चेहऱ्यावर हसू असं पसरलं, जसा घडी उलगडताच कापडाचा आतला रंग दिसावा.

"दूध?"

"तिथे चार मिनिटं. इथे चोवीस."

"चोवीस!" वेल्डर म्हणाला. "रोज सकाळी चोवीस मिनिटं मी दुधासाठी ठिणग्या खातो? मला कुणी बोललं नाही!"

"अंडी?"

"अकरा. इथे चाळीस."

आता तिला थांबवणं शक्य नव्हतं. कांदे, तेल, साबण, पोरीचे बूट, केसांच्या पिना. छोटी दुकानभर धावत होती, फोन हातात उलटासुलटा होत होता, मधेच छत दिसे, मधेच कुणाची तरी टोपली. एका बाईने छोटीकडे वळून काहीतरी विचारलं. "काही नाही, वहिनीला दुकान दाखवतेय!" छोटी तिला मराठीतच म्हणाली आणि पुढे पळाली. वेल्डर लिहीत होता, वडील भागत होते. प्रत्येक उत्तरागणिक बायको मशीनच्या झाकणावर हात आपटत होती. कांदे जिंकले! साबण जिंकला! बस हरली, इथे पाच मिनिटं, तिथे नऊ, पण बसला माफ केलं.

छोटी दुकानाबाहेर पडली तसं वेल्डरला आठवलं. "छोटी, केस कापायला किती पडतात?"

ती शेजारच्या काचेवरची पाटी वाचून म्हणाली, "वीस."

वडिलांनी छताकडे बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. "सव्वा तास."

"काय? अंडी अकरा मिनिटं आणि केस सव्वा तास? इथे मी अर्ध्या तासात सुटतो."

"मग दाढी-केस वाढव. तीन वर्षांनी ये साधू होऊन," वडील म्हणाले.

"नाहीतर वहिनी कापेल," छोटी म्हणाली. "मी मैत्रिणींचे कापते. इथे असंच आहे, दादा. मशीनमधून जे निघतं ते स्वस्त. माणसाचा हात लागला की संपलं. नळ दुरुस्त करायला माणूस बोलवा, आख्खा दिवस गेला समजा."

एवढ्यात सगळ्यात मोठा आकडा आला. घरभाडं. छोटीने आपल्याच इमारतीतल्या रिकाम्या घराची चौकशी करून ठेवली होती: दोन खोल्या, खिडकीतून शाळा दिसते, शाळेला फी नाही. भाडं वेल्डरच्या तेरा दिवसांच्या कामाचं.

"तेरा!" बायकोचा हात झाकणावरच थबकला. "इथे सहा आहेत."

"घराला भिंती असतात, सूनबाई. भिंतींना हात लागलेला असतो," सासरे हळूच म्हणाले.

आता त्यांनी छताकडे बघणं सोडलं आणि पेन स्वतःच्या हातात घेतलं. भाडं तेरा दिवस. खाणंपिणं चार. वीज आणि थंडीतली शेगडी दोन. बस दीड. फोन, औषधपाणी, शाळेचं किडुकमिडुक मिळून दीड. गरम कपडे, बूट एक. "आणि एक दिवस माझा," ते म्हणाले. "म्हणजे माझ्या गोळ्यांचा आणि थोरल्याला द्यायचा. नको म्हटलं तरी तुम्ही पाठवणारच, तेव्हा आत्ताच लिहितो." बेरीज झाली. चोवीस.

"आणि महिन्यात कामाचे दिवस किती?"

"बावीस."

वेल्डरने ती बेरीज वरून खाली आणि खालून वर केली. चोवीसच आली. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. फोनमध्ये छोटी एका बाकावर बसली होती.

"दोन दिवस," वेल्डर शेवटी म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "महिन्याला दोन दिवस कमी पडतात, बाई. दोन दिवस कुठून आणायचे? एकटा गेलो तर उलट सोळा उरतात." त्याने पान पुढे ओढलं. "तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," ती म्हणाली. टिपूस काढणार नाही म्हणाली होती आणि खरंच काढलं नाही. फक्त हात मांडीवर उलटे ठेवून बघत राहिली. उजव्या तर्जनीच्या पेराला सुईने केलेले बारके ठिपके, अंगठ्याला कात्रीचा घट्टा. बघता बघता तिची मान वर आली.

"छोटी, तू आत्ता काय म्हणालीस? माणसाचा हात लागला की महाग?"

"हो."

"मग माझे कुठे आहेत?"

"काय कुठे आहेत?"

"हात! माझे हात!" ती उभी राहिली. "हा बघा कागद. पाव आहे, शेगडी आहे, बाबांच्या गोळ्या आहेत. ह्यांचे बावीस दिवस आहेत. माझा एक दिवस नाही यात! खायला मला धरलंय, बसमध्ये मला धरलंय, कमवायला नाही! तुम्ही धरलं नाहीत, बाबांनी धरलं नाही, आणि मी… मी रोज शंभर कॉलरी शिवणारी बाई, मीसुद्धा मला धरलं नाही!"

सासऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "छत्तीस वर्षांत एक प्रवासी नजरेतून सुटला नाही. आणि आज माझ्याच घरातली बाई फुकट बसवली मी!"

"छोटी, ऊठ त्या बाकावरून! कपडे दुरुस्त करणारं दुकान आहे का जवळ?"

"आहे! कोपऱ्यावर! एक म्हातारी चालवते!"

छोटी धावत सुटली. फोनमध्ये फूटपाथ उड्या मारत होता. मग दाराची किणकिण, मग भिंतीवरची दरांची यादी. "पँटीची लांबी कमी करणे," छोटी धापा टाकत वाचत होती, "तेरा आणि थोडे!"

"बाबा!"

"पन्नास मिनिटं! त्याच्या कामाची पन्नास मिनिटं, एका पँटीला!"

"मला बारा लागतात," ती म्हणाली, आणि तिचे पाय जमिनीवर ठरेनात. "बारा मिनिटांत मी पँट आखूड करून इस्त्री मारून देते!"

"पण दुकान तिचं, अर्धे ती ठेवणार," सासरे भागू लागले. "पंचवीस मिनिटं तुझी. दोन दिवसांची झाली नऊशे साठ मिनिटं… एकोणचाळीस, धर चाळीस पँटी. महिन्याला चाळीस."

"चाळीस पँटी म्हणजे माझं एका दिवसाचं काम. एका दिवसाचं! महिन्यातून!"

"पण वहिनी, ती तुला घेईल का?"

"विचार! विचार ना!"

छोटी तिथल्या भाषेत विचारू लागली. फोनमध्ये एक पांढऱ्या केसांची बाई आली, गळ्यात मापाची टेप, ओठांत दोन टाचण्या. तिने टाचण्या काढल्या आणि काहीतरी म्हणाली.

"म्हणतेय, बोलणाऱ्या पुष्कळ येतात. काम दाखव."

वेल्डरच्या बायकोने झाकण भिरकावलं. गठ्ठ्यातली एक कच्ची कॉलर ओढली आणि फोनसमोर मशीन सुरू केलं. टोकाशी आली तशी तिने शिलाईच्या आत एक लांब दोरा घातला, पुढची कड शिवून घेतली, कॉलर उलटी केली, आणि तो दोरा हलकेच ओढला. टोक बाहेर आलं ते चिमणीच्या चोचीसारखं, टोकदार, नेटकं, चुणी नाही की गोळा नाही. दुसरं टोकही तसंच. दोन्ही एकमेकांवर ठेवून तिने फोनपुढे धरली.

म्हातारी फोनच्या काचेला नाक लावून बघत होती. मग ती खदखदा हसली, मागे वळली, तिच्या खोक्यातून एक अर्धवट कॉलर काढली आणि फोनसमोर धरली. तिच्या टोकातूनही एक लांब दोरा लोंबत होता.

"वहिनी! ती म्हणतेय, ही युक्ती तिला तिच्या आईने शिकवली. म्हणतेय, तिच्या हाताखालची पोरगी गेल्या महिन्यात सोडून गेली आणि पँटींचा डोंगर झालाय. आठवड्यातले तीन दिवस ये म्हणतेय! पण… कागद आहे का विचारतेय. काम करायची परवानगी."

सगळ्यांनी एकदम वेल्डरकडे बघितलं.

"मला काय माहीत? ते पत्रात असेल."

"पत्र तुम्ही वाचलंत ना?"

"पगार वाचला," वेल्डर म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "आणि शेवटचं पान. मधलं… मधलं तुझं काही असेल असं वाटलंच नाही गं."

वडिलांनी पत्र हिसकावलं, चष्मा चढवला, बोट ओळींवरून सरकू लागलं. दुसरं पान. तिसरं पान. घड्याळात चार सत्तावीस. बोट थांबलं.

"'कुटुंबासह येणाऱ्या कामगाराच्या पतीस अथवा पत्नीस त्याच मुदतीपुरती काम करण्याची मुभा राहील.' मुभा राहील! छापलंय! शिक्का आहे!"

छोटीने तिकडे किंचाळून म्हातारीला मिठी मारली. आठवड्याला तीन दिवस म्हणजे चाळीस पँटी कुठच्या कुठे मागे पडत होत्या. सून तशीच उभी राहून सासऱ्यांना म्हणाली, "आणि बाबा, तेरा पँटी वेगळ्या लिहा."

"त्या कशाला?"

"दर महिन्याला तेरा बाजूला टाकल्या की वर्षाकाठी तुमचं विमानाचं जाणं-येणं निघतं. मघाशीच छोटीला भाडं विचारलं मी. तुमच्यासारखा भागाकार येत नाही, पण येतो थोडाफार."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला. कागदावर तेरा लिहिताना त्यांच्या हातून तिनाचा आकडा जरा वाकडा निघाला. "थोरल्याचा टीव्ही काही एवढा मोठा नाही म्हणा," ते पुटपुटले.

वेल्डरने पान समोर घेतलं. पेन त्याच्याकडे नव्हतंच. त्याने बायकोपुढे हात पसरला. वडिलांच्या हातातलं पेन तिने घेतलं आणि त्याच्या हाती दिलं. दुसऱ्या चौकटीत त्याने खूण केली आणि एवढी मोठी केली की ती चौकटीच्या चारी बाजूंनी बाहेर गेली.

"अहो, फाडाल!"

"दिसली पाहिजे त्यांना. वेल्डरची खूण आहे."

वेल्डरच्या फोनवर पानाचा फोटो काढला. पहिला हलला, दुसऱ्यात सासऱ्यांचा अंगठा आला, तिसरा नीट आला. पाठवला. चार बेचाळीस. तिघंही पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे श्वास रोखून बघत राहिली. चक्र थांबलं. एक ओळ आली: 'मिळाले. कुटुंबातील सदस्य किती?'

वेल्डरने लिहिलं, 'तीन'. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, आकडाही लिहिला, '3'.

तेवढ्यात जिन्यावरून धडधड पावलं आली. खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे खेळायला गेलेली लेक दारात उभी, गुडघ्याला माती, एक वेणी सुटलेली.

"आई! खालच्या काकू विचारतायत, कोण पडलं का? एवढे का ओरडताय तुम्ही?"

"पडलं नाही गं, ठरलं!" वेल्डरने तिला उचलून धरली, नऊ वर्षांची लेक आता त्याला उचलत नव्हती, तरी उचलली. "बोटी बांधायला चाललोय आपण!"

"तुम्ही चाललाय," ती सावधपणे म्हणाली. गुरुवारपासून ती हे ऐकत होती आणि कोण जाणार ते तिला पाठ होतं.

"तू, मी आणि तुझे बाबा," आई म्हणाली. "तिघं."

पोरगी बापाच्या खांद्यावरून घसरत खाली उतरली. आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, मशीनवर उभ्या फोनकडे बघितलं. त्यात छोटी आत्या आणि एक अनोळखी म्हातारी दोघी मिळून हात हलवत होत्या.

"खरं?"

"हिशेब बसला," आई म्हणाली.

बूट न घालताच ती जिन्याकडे पळाली. तिच्या पावलांबरोबर एकेक मजला उघडत गेला, दारं किलकिली झाली, आणि तिचा आवाज वरपर्यंत ऐकू येत राहिला: "काकू, आम्ही तिघं! आजी, आम्ही तिघं चाललोय! तिघं!"